यंत्रमागावरची शीळ

माझा मामा सोलापुरात यंत्रमागावर कामाला होता. पत्र्याची शेड, आत चोवीस माग. धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटताना जो खटका होतो तो चोवीस ठिकाणी, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. आत पाऊल टाकलं की पहिली दोन मिनिटं डोकं भणाणून जायचं. कामगार एकमेकांशी ओठांच्या हालचालींवर आणि हाताच्या खुणांवर बोलायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे असे. डबा घेऊन दाराशी उभं राहायचं. सुताच्या धुरळ्यात मामा कुठल्या मागावर आहे ते दिसायचं नाही, पण कळायचं. त्या सगळ्या खटखटाटाला भोक पाडून एक शीळ बाहेर यायची.

एवढ्या गोंगाटातून शीळ ऐकू येते कशी, याचं मला फार नवल वाटे. पुढे वाचनात आलं, की शिळेचा सूर उंच असतो आणि जवळजवळ शुद्ध असतो. मागांचा आवाज खाली पसरलेला असतो, शीळ त्याच्या डोक्यावरून निघून जाते. मामाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तो म्हणायचा, "ओरडून घसा बसतो बे. शिळेला काय लागतं? फुंकर."

त्याची धून ठरलेली होती आणि ती हिंदी सिनेमातली नव्हती. सुरुवात ठाम, मग पाखरानं पंख फडफडवावेत तशी एक बारीक मुरकी, आणि ओळीच्या शेवटी लांबवर सोडलेला सूर. कुठली म्हणून विचारलं तर एकच उत्तर, "क्लिंट ईस्टवूडचं पिक्चर." रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमे लागत. रातपाळी संपवून मामा आणि त्याचे दोन मित्र तसेच थेट थिएटरात जायचे. संवाद कुणालाच कळत नसत. घोडे, बंदुका, धूळ कळायची, आणि ही शीळ कळायची.

2003 साली पुण्यात भाड्याच्या खोलीत, मित्राच्या कॉम्प्युटरवर मी 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' लावला. लाल, काळ्या, पांढऱ्या रंगात धावणाऱ्या घोडेस्वारांच्या आकृत्या पडद्यावर आल्या, गिटार सुरू झाली आणि त्यावर शीळ आली. मामाची शीळ. मी सिनेमा थांबवला आणि श्रेयनामावली परत पाहिली. मूळ प्रतींवर संगीतकाराचं नाव डॅन सॅव्हिओ असं होतं. इटलीतल्या लोकांना सिनेमा अमेरिकन वाटावा म्हणून घेतलेलं ते टोपणनाव. खरं नाव एनिओ मोरिकोने.

तेव्हापासून वीसेक वर्षं मी या माणसाचं संगीत ऐकतो आहे. त्यानं चारशेहून जास्त सिनेमांना आणि मालिकांना संगीत दिलं. त्यात वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचे सिनेमे, जेमतेम पस्तीसेक, म्हणजे दहातला एकही नाही. जगानं आपल्याला तेवढ्यावरूनच ओळखावं याचा त्याला त्रास व्हायचा आणि तो ते मुलाखतींत स्पष्ट बोलून दाखवायचा. त्याची तक्रार न्याय्य होती. तरीही मी आज त्या पस्तीसांतल्याच काहींवर लिहिणार आहे, कारण त्यांच्यात मला एक गोष्ट फार तीव्रतेनं ऐकू येते आणि ती म्हणजे श्वास. चाबूक, घंटा, इलेक्ट्रिक गिटार, ऐरणीवरचे घाव, हे सगळं त्या संगीतात आहेच. पण काळजाला जे लागतं ते शीळ, ट्रम्पेट, बाजा म्हणजे माउथ ऑर्गन, मातीची ओकारिना आणि माणसाचा गळा. सगळं फुंकलेलं. सगळं फुफ्फुसातून आलेलं.

याचं मूळ त्याच्या घरातच होतं. मोरिकोनेचा जन्म 10 नोव्हेंबर 1928 चा, रोमचा. वडील मारिओ हे ट्रम्पेटवादक. नाइट क्लबात, वाद्यवृंदात, मिळेल तिथे वाजवून त्यांनी घर चालवलं. एनिओच्या हातीही ट्रम्पेटच आला. रोमच्या सांता चेचिलिया संगीत विद्यालयात तो आधी ट्रम्पेट शिकला आणि 1946 मध्ये त्याची पदविका घेतली. नंतर तिथेच गोफ्रेदो पेत्रास्सी या मोठ्या आधुनिक संगीतकाराकडे रचना शिकला. पण शिक्षण चालू असताना युद्ध होतं, घरात टंचाई होती. वडिलांच्या जागी, नाहीतर वडिलांबरोबर, हा पोरगा सैनिकांपुढे वाजवायला जायचा. दोस्त सैन्य रोममध्ये आल्यावर अमेरिकन सैनिकांसाठी वाजवलं आणि मोबदल्यात खायला मिळालं. भाकरीसाठी ट्रम्पेट फुंकणं त्याला अपमानाचं वाटलं आणि ती सल त्याच्या मनातून गेली नाही. पोट भरण्यासाठी फुंकणं म्हणजे काय हे या माणसाला ओठांनी ठाऊक होतं.

पुढे तो रोममध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीसाठी गाण्यांचं संगीत संयोजन करू लागला. हा काळ मला फार महत्त्वाचा वाटतो. पेत्रास्सीचा शिष्य आणि काम काय, तर तीन मिनिटांची हलकीफुलकी गाणी नटवायची. त्यानं ते काम कमी लेखलं नाही. 1960 मध्ये जान्नी मेच्चाच्या एका गाण्यात डबा घरंगळत जातो, तर यानं खरोखरच डब्याचा आवाज वाद्यासारखा वापरला. रस्त्यावरचा, स्वयंपाकघरातला आवाज स्वरांच्या शेजारी बसवायचा आणि तो तिथलाच वाटला पाहिजे. मग अमेरिकेहून आलेल्या पीटर टेव्हिस या गायकासाठी त्यानं वूडी गथ्रीचं एक लोकगीत संयोजित केलं. त्यात चाबकाचा फटकारा होता, घंटा होती, हातोडा होता. गावाकडचा माणूस शहराकडे बघतो आहे आणि मागून गावातले आवाज त्याला हाका मारताहेत, अशी ती कल्पना.

दिग्दर्शक सर्जिओ लेओने त्याच्याकडे आला तो 1963 च्या अखेरीस. दोघं प्राथमिक शाळेत एका वर्गात होते, हे भेटल्यावर लक्षात आलं. वर्गाचा एक फोटो आजही पाहायला मिळतो, त्यात दोघं आहेत. मोरिकोनेनं त्याआधी केलेलं वेस्टर्नचं संगीत लेओनेला आवडलेलं नव्हतं, अमेरिकन संगीताची नक्कल वाटलं होतं. गंमत म्हणजे मोरिकोनेलाही ते पटलं. मग त्यानं टेव्हिसचं गाणं ऐकवलं. लेओने म्हणाला, हेच पाहिजे, फक्त गाणाऱ्याचा आवाज काढ.

आवाज काढल्यावर जागा रिकामी राहिली. त्या रिकाम्या जागेत मोरिकोनेनं शीळ ठेवली.

हा निर्णय किती धाडसाचा होता ते समजण्यासाठी तेव्हाचे अमेरिकन वेस्टर्न आठवावे लागतील. त्यांचं संगीत म्हणजे मोठा वाद्यवृंद, भरघोस व्हायोलिन, दरीखोऱ्यांवरून घोंगावत जाणारे पितळी स्वर. एल्मर बर्नस्टाइननं 1960 मध्ये 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ला दिलेली धून त्यातली सर्वोत्तम, आणि ती मला आजही आवडते. त्या संगीतात देश दिसतो, क्षितिज दिसतं. लेओनेच्या सिनेमाकडे तेवढा पैसा नव्हता, मोठा वाद्यवृंद परवडणारा नव्हता. पण मला वाटतं, पैसा असता तरी मोरिकोनेनं शीळच ठेवली असती. वाद्यवृंद हा समाजाचा आवाज असतो. शीळ एकट्याची असते. जवळ कुणी नाही, वाद्य नाही, गाण्याचे शब्दही नाहीत, असा माणूस शीळ घालतो. गावात आलेल्या, मागचं-पुढचं काही न सांगणाऱ्या त्या परक्या घोडेस्वाराचं दुसरं कुठलं गाणं असणार?

त्याच सिनेमातल्या ट्रम्पेटची गोष्ट तर अशी, की ती वाचल्यापासून तो तुकडा ऐकताना मी जागचा हलत नाही. शेवटच्या द्वंद्वाच्या प्रसंगासाठी लेओनेनं संकलन करताना 'रिओ ब्राव्हो' या अमेरिकन वेस्टर्नमधली, दिमित्री तिओम्किननं बांधलेली ट्रम्पेटची धून लावून ठेवली होती आणि तीच वापरायचा त्याचा हट्ट होता. मोरिकोनेनं साफ नकार दिला, तसं असेल तर मी सिनेमा सोडतो इथवर गोष्ट आली. शेवटी तडजोड झाली. त्यानं स्वतःची एक जुनी अंगाईची धून काढली, यूजीन ओनीलच्या समुद्रावरच्या नाटकांच्या दूरचित्रवाणी प्रयोगासाठी पूर्वी बांधलेली, आणि तिच्यावर ट्रम्पेटचे अलंकार चढवून ती द्वंद्वासाठी दिली. म्हणजे दोन माणसं एकमेकांना मारायला उभी आहेत आणि पडद्यामागे वाजते आहे ती मुळातली अंगाई. वाजवणारा कोण हवा यावरही वाद झाला. लेओनेला तेव्हाचा प्रसिद्ध वादक हवा होता. मोरिकोने मिकेले लाचेरेंत्साच्या नावावर अडून बसला. वाजवताना लाचेरेंत्साच्या डोळ्यांत पाणी होतं असं सांगतात. स्वतः ट्रम्पेट वाजवलेल्या माणसालाच कळतं की सूर कुणाच्या छातीतून यायला हवा.

शीळ घातली ती अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीनं. हा मूळचा गिटारवादक, आणखीही बरीच तंतुवाद्यं वाजवायचा, 'ई कांतोरी मोदेर्नी' नावाचं त्याचं गायकवृंद होतं. या सिनेमांतल्या पुरुषांच्या आरोळ्या, कोरस, सगळं त्याच वृंदाचं. हा सिनेमा आणि लेओनेचे पुढचे दोन, या तिन्ही 'डॉलर' सिनेमांतली शीळ त्याची. पडद्यावर तो कुठेही दिसत नाही. शीळ ऐकताना लोकांच्या डोळ्यांपुढे पोंचो पांघरलेला, चिरूट चघळणारा क्लिंट ईस्टवूड येतो. ओठ मात्र रोममधल्या एका स्टुडिओत, मायक्रोफोनपुढे उभ्या असलेल्या माणसाचे होते.

दुसऱ्या सिनेमात, 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मध्ये, 1965, एक वाद्य वरचेवर टणत्कारतं. आपल्याकडे राजस्थानात त्याला मोरचंग म्हणतात, कर्नाटक संगीतात मोरसिंग. लोखंडी चौकट दातांशी धरायची आणि तिच्यातली पाती बोटानं छेडायची. सूर घडतो तो मात्र तोंडाच्या पोकळीत, जीभ आणि श्वास जसे हलतील तसा. दक्षिण इटलीतलं हे मेंढपाळांचं वाद्य. इटालियनमध्ये त्याला 'स्काच्चापेन्सिएरी' म्हणतात, म्हणजे विचार पळवून लावणारं. इतकं सुंदर नाव मी दुसऱ्या कुठल्या वाद्याचं ऐकलेलं नाही. सिसिलीतल्या मेंढपाळाचं वाद्य टेक्सासच्या गोष्टीत आणताना मोरिकोनेला संकोच वाटला नाही. सिनेमाही कुठे टेक्सासमध्ये चित्रित झाला होता? ते माळरान स्पेनमधल्या अल्मेरियाचं होतं.

याच सिनेमात घड्याळ आहे आणि ते माझ्या श्वासाच्या कल्पनेत बसत नाही असं मला बरीच वर्षं वाटत होतं. खिशातलं घड्याळ, उघडलं की त्यातून किणकिणणारी छोटी धून. खलनायक एल इंदिओ ते उघडतो, समोरच्याला सांगतो की धून थांबली की बंदूक काढ. धून हळूहळू मंदावत जाते. चावी उतरत जाते तसे दोन स्वरांमधले अंतर वाढते. प्रेक्षक काय करतो? श्वास रोखतो. मोरिकोनेनं वाद्य पडद्यावर दिलं आणि श्वास आमच्याकडून घेतला. मग ती किणकिण वाद्यवृंदात मिसळते, गिटार येते, ट्रम्पेट येतो, आणि घड्याळाची ती इवलीशी धून एका माणसाच्या आयुष्यभराच्या दुःखाएवढी होते. कारण घड्याळाच्या झाकणात एका तरुणीचा फोटो आहे, तिच्या मरणाला इंदिओ कारण आहे, आणि तसंच दुसरं घड्याळ घेऊन तिचा भाऊ त्याच्या मागावर आहे. बघणाऱ्याला हे शेवटी कळतं. कान मात्र पहिल्यापासून सांगत असतो, की ही धून बंदुकीच्या खेळाची नाही, कुणाच्या तरी आठवणीची आहे.

'द गुड, द बॅड अँड द अग्ली' 1966 चा. त्याची धून जगभरातल्या लहान मुलांच्या तोंडी आहे, सिनेमा माहीत नसलेल्यांच्यासुद्धा. ती कोल्ह्याच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कायोटीच्या, कुईवरून सुचली असं मोरिकोने सांगायचा. दोनच स्वर, वर-खाली. तीन माणसांना त्यानं तेच दोन स्वर वेगवेगळ्या श्वासांतून दिले. चांगल्याला बासरी, वाईटाला मातीची ओकारिना, आणि कुरूप तुकोला माणसाच्या गळ्यातली आरोळी. म्हणजे तिघांचं रक्त एकच आहे, फुंकर वेगळी. संवादांतून हे सांगायला गेलं असतं तर किती बोजड झालं असतं.

आणि मग स्मशान. या तीन-सव्वातीन मिनिटांसाठी मी कितीही वेळा हा सिनेमा लावीन. तुकोला सोनं पुरलेल्या थडग्याचं नाव माहीत आहे, जागा माहीत नाही, आणि पुढे हजारो थडगी गोलाकार पसरलेली. आधी पियानोची एक लहानशी आकृती गोल गोल फिरू लागते. तिच्यावर इंग्लिश हॉर्न, जरा खिन्न, जणू थडग्यांच्या वतीनं. तुको पळू लागतो. मग एद्दा देल ऑर्सो या गायिकेचा आवाज चढतो. तिला शब्द नाहीत. नुसता आकार. आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, शब्द संपल्यावर आलाप काय करतो ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरी हा आलाप वेगळा. आपला गवई स्वराजवळ बसतो, त्याला गोंजारतो. ही बाई स्वरांवरून पळत सुटते, तुकोच्या पायांच्या वेगानं. ढोल येतात, घंटा येतात, पुरुषांचा कोरस येतो, कॅमेरा इतका फिरतो की थडग्यांच्या रेघा होतात. लोभानं धावणारा एक फाटका दरोडेखोर, आणि त्याच्यावर चर्चमध्ये शोभावा असा आवाज. मोरिकोनेनं तुकोची लाज काढली नाही, त्याला त्या क्षणी पूर्ण आनंद दिला. ही माया मला फार मोठी वाटते.

ते स्मशान स्पेनच्या बुर्गोस प्रांतात सैनिकांनी सिनेमासाठी उभारलं होतं, पाच हजारांच्या आसपास खोटी थडगी. नंतर त्यावर गवत वाढलं, माती चढली. 2015 पासून गावातल्या आणि दुरून आलेल्या चाहत्यांनी फावडी घेऊन मधलं दगडी वर्तुळ पुन्हा मोकळं केलं. मेटॅलिका हा बँड 1983 पासून आपल्या कार्यक्रमांची सुरुवात याच तुकड्यानं करतो. पण मला त्या फावडेवाल्यांचं जास्त कौतुक आहे. एका सुराच्या मागे जाऊन माणसं माती उपसतात.

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट', 1968. इथे मी जरा थांबणार आहे.

या सिनेमाचं बरंचसं संगीत चित्रीकरणाआधीच लिहून, वाजवून, मुद्रित झालं होतं. लेओने सेटवर ते लावायचा आणि नट त्या लयीत चालायचे. तरीही सिनेमाची सुरुवात संगीताशिवाय होते. ओसाड स्टेशन, तीन मारेकरी गाडीची वाट बघताहेत. पवनचक्की कुरकुरते. एकाच्या टोपीवर वरून पाण्याचे थेंब पडतात, टप, टप. दुसऱ्याच्या ओठांजवळ माशी घोंघावते. तारयंत्र कडकडतं, तो तार उपटतो. दहा मिनिटांच्या आसपास हे एवढंच. मोरिकोने रोममधल्या प्रायोगिक संगीतकारांच्या गटात स्वतः ट्रम्पेट घेऊन बसायचा. फ्लोरेन्सच्या एका मैफिलीत एका माणसानं नुसती शिडी करकरवत ठेवली होती, ते त्यानं लेओनेला सांगितलं, आणि त्यातून ही सुरुवात घडली. कुरकुरणं हेच संगीत आहे हे कळलेला संगीतकार दिग्दर्शकाला म्हणू शकतो, इथे माझी गरज नाही.

मग गाडी येते, निघून जाते. रुळांपलीकडून बाज्याचे सूर येतात. आपल्याकडे मुलं त्याला बाजाच म्हणतात, दुकानात मागताना माउथ ऑर्गन. सूर तीन-चारच, एकमेकांना खेटलेले, सुटका नसलेले. वाजवला आहे फ्रांको दे जेमिनीनं. हे वाद्य ज्यानं हातात घेतलंय त्याला माहीत असेल, फुंकलं की एक सूर निघतो आणि त्याच भोकातून श्वास आत ओढला की दुसरा. श्वास घेणं आणि सोडणं दोन्ही वाजतं. जगला की वाजतो, असं वाद्य.

नायकाला नाव नाही, बाजा हेच त्याचं नाव. तो का वाजवतो हे अडीच तास कळत नाही. फ्रँक या खुन्यापाशी तो समोरासमोर उभा राहतो तेव्हा मागचं दिसतं. रखरखीत मैदानात विटांची कमान, कमानीला फास, फासात मोठा भाऊ, आणि त्याचे पाय धाकट्याच्या खांद्यांवर. पोराचे गुडघे वाकले की भाऊ गेला. तरुण फ्रँक हसत पुढे येतो आणि पोराच्या तोंडात बाजा कोंबतो, भावाला गाणं ऐकव म्हणतो. पोर रडतं आहे, धापा टाकतं आहे, आणि त्याची प्रत्येक धाप वाजते आहे.

म्हणजे सुरुवातीपासून जी धून आपण ऐकत होतो ती कुणी रचलेली नव्हतीच. ती त्या पोराची धाप होती. मोरिकोनेनं अक्षरशः श्वास लिहून ठेवला होता आणि आम्ही त्याला चाल समजत होतो. द्वंद्व संपतं, फ्रँक गुडघ्यांवर कोसळतो, विचारतो की तू आहेस तरी कोण. उत्तरादाखल नायक गळ्यातला बाजा तोडतो आणि त्याच्या तोंडात खुपसतो. फ्रँकचे शेवटचे दोन-चार श्वास त्यातून वेडेवाकडे वाजतात. त्याला ओळख पटते. बाजा धुळीत पडतो.

आपल्याकडे 'शोले'वर या सिनेमाची सावली आहे, ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडात ती सरळ दिसते. मला मात्र 'शोले'त जास्त आवडतो तो जयचा माउथ ऑर्गन. भानू गुप्तांनी वाजवलेला, राहुलदेव बर्मन यांनी संध्याकाळच्या दिव्यांवर सोडलेला. सूड त्यात अजिबात नाही. तेच वाद्य, पण इथे श्वास निवांत सोडलेला आहे.

ऑस्करच्या बाबतीत मोरिकोनेला फार थांबावं लागलं. पाच नामांकनं झाली, मिळालं नाही. 2007 मध्ये मानद पुरस्कार दिला तो क्लिंट ईस्टवूडच्या हातून. नंतर 'द हेटफुल एट' या वेस्टर्नसाठी 28 फेब्रुवारी 2016 ला खरं ऑस्कर आलं, तेव्हा तो 87 वर्षांचा होता. त्या संगीताची सुरुवातही शिळेनं किंवा गिटारनं केली नाही त्यानं. तळातले, जाड, गुरगुरणारे सूर, 'बसून' नावाच्या वाद्याचे. परत फुंकवाद्यच, पण म्हाताऱ्या छातीतून आल्यासारखं. 6 जुलै 2020 ला तो रोममध्ये गेला. जन्मभर तो रोममध्येच राहिला, हॉलिवूडनं बोलावूनही गेला नाही.

त्या 2016 च्या मे महिन्यात मी सोलापूरला गेलो होतो. मामाचं काम सुटून बरीच वर्षं झाली होती. तीस वर्षं सुताचा धुरळा ओढलेल्या छातीत जे होतं ते त्याला झालं होतं. दिवसातून तीनदा पंप, रात्री वाफ, उशाशी उश्यांचा ढीग, कारण आडवं झालं की गुदमरायचा. मी ऑस्करची बातमी सांगितली, नाव सांगितलं. त्याला ते नाव नवीनच होतं. मग मी मोबाइल त्याच्या कानाशी धरला.

शीळ सुरू झाल्याबरोबर त्याचे डोळे बदलले. ओठांचा चंबू केला. सूर निघाला नाही, नुसती हवा आली, पण मुरकीची जागा चुकली नाही. दुसरी ओळ त्यानं सोडून दिली आणि ऐकत राहिला.

संपल्यावर म्हणाला, "चांगली घालायचा बे क्लिंट ईस्टवूड."

मी म्हटलं, "मामा, ती त्याची नाही. शीळ घालणारा वेगळा माणूस होता. इटलीतला. स्टुडिओत उभा राहून घातली त्यानं."

मामा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "पिक्चरमध्ये दिसतो कुठं?"

"नाही. कुठंच नाही."

"आहे का अजून?"

"आहे. नव्वदी ओलांडलीय."

"शीळ घालतो अजून?"

ते मला माहीत नव्हतं. मामानं खाटेवरून औषधाची चिठ्ठी उचलली, उलटी केली, माझ्यापुढे धरली. "नाव लिही त्याचं."

मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी. त्यानं चष्मा लावला आणि बोट ठेवत ठेवत मोठ्यानं वाचलं. पहिलं नाव झाल्यावर थांबला, श्वास घेतला, मग दुसरं वाचलं.